भित्तिपत्रकातील दृक्-प्रतीक आणि लिंगभाव : दोन त्रिकोणांच्या निमित्ताने

भित्तिपत्रक पाहावयाचे असते की वाचावयाचे, हा प्रश्न कलासमीक्षकांचा मानला जातो. वस्तुतः तो भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. रस्त्याने जाणारा मनुष्य भित्तिपत्रकाला दोनचार क्षणांहून अधिक वेळ देत नाही. तेवढ्या अवधीत चित्र, रंग, अक्षरे आणि ज्या भिंतीवर ते डकवले आहे ती भिंत, या सर्वांचा मिळून एक अर्थ त्याच्या मनात उमटावा लागतो. विषय साबणाचा किंवा नाटकाच्या प्रयोगाचा असेल तर चिन्हाची निवड चुकली तरी हानी थोडी होते. परंतु विषय स्त्रीपुरुषभेदाचा, लिंगभावाचा किंवा लैंगिकतेचा असेल, तर तीच चूक एखाद्या समूहाला चित्राबाहेर ठेवते. क्वचित त्याच्यावर डागही देते. अशा भित्तिपत्रकांतील दृक्-प्रतीके अर्थ कशी देतात, याचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. त्यासाठी दोन त्रिकोण निवडले आहेत. एक आपल्या परिचयाचा, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. दुसरा जर्मनीत जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये नवा अर्थ पावलेला गुलाबी त्रिकोण. दोन्ही आरंभी टोक खाली करून काढले जात. आकार एक, अर्थ मात्र परस्परांपासून अत्यंत दूर.

चिन्हांचे सादृश्यमूलक, निर्देशक आणि सांकेतिक असे तीन प्रकार अमेरिकन तत्त्वज्ञ पर्स याने केले, हे वाचकांस ठाऊक आहेच. चित्र हे सादृश्यमूलक, धूर हा अग्नीचा निर्देशक आणि भाषेतील शब्द हा सांकेतिक. सोस्यूरने १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत एक सावधगिरीची सूचना दिली आहे : प्रतीक हे शब्दाप्रमाणे पूर्णतः यादृच्छिक नसते. न्यायाचे प्रतीक म्हणून तराजू चालतो. त्याच्या जागी रथ ठेवून चालणार नाही. त्रिकोणासारखी भूमितीतील आकृती मात्र तराजूपेक्षा शब्दाला अधिक जवळ आहे. तिच्यात कोणाचेही सादृश्य नाही, आणि म्हणूनच ती कोणाचीही होऊ शकते. लिंगभावविषयक भित्तिपत्रकाच्या कर्त्यापुढे जी मुख्य अडचण असते ती येथेच आहे. मनुष्याचे चित्र काढावे तर ते कोणत्या तरी एका मनुष्याचे होते. अमूर्त चिन्ह वापरावे तर त्याचा अर्थ कोणीतरी शिकवावा लागतो.

ही अडचण नवी नाही. पाणिनीच्या स्त्रीप्रत्ययांच्या प्रकरणावर भाष्य करताना पतंजलीने प्रथम एक लौकिक व्याख्या पुढे ठेवली आहे : शरीरावरील दृश्य खुणांवरून, म्हणजे स्तन आणि केश यांवरून स्त्री, अंगावरील लोमांवरून पुरुष, आणि या दोहोंच्या अभावी नपुंसक. ही व्याख्या मांडून तो लगेच तिच्यावर आक्षेप घेतो. स्त्रीची भूमिका करणाऱ्या नटाला, ज्याला 'भ्रूकुंस' म्हणत, या खुणा दिसतात म्हणून स्त्रीप्रत्यय लावण्याची पाळी येईल. खाट आणि वृक्ष यांना तर कोणत्याच खुणा नाहीत. तरी 'खट्वा' स्त्रीलिंगी आणि 'वृक्ष' पुल्लिंगी. शब्दाचे लिंग दृश्य खुणांवर ठरत नाही, हे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील वैयाकरणाला स्पष्ट दिसले होते. गमतीची गोष्ट अशी की 'लिंग' या शब्दाचा मूळ अर्थच 'खूण' असा आहे. आज आपण 'लिंगभाव' हा शब्द योजतो तेव्हा त्या शब्दाच्या पोटात पतंजलीचा हा सारा वाद दडलेला असतो. (बालगंधर्वांच्या प्रेक्षकाला भ्रूकुंसाचा आक्षेप समजावून सांगावा लागला नसता.)

आता लाल त्रिकोणाकडे वळू. भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये हाती घेतला. १९६० च्या दशकात या खात्याच्या प्रचारविभागातील अधिकारी धर्मेंद्रकुमार त्यागी यांच्या पुढाकाराने टोक खाली असलेला समभुज लाल त्रिकोण हे कार्यक्रमाचे चिन्ह ठरले. सोबत चार हसरे चेहरे : आई, बाप, मुलगा, मुलगी. घोषणा प्रथम 'दो या तीन बच्चे, बस' या धर्तीची होती. पुढे 'हम दो, हमारे दो' ही रूढ झाली. या योजनेतील शहाणपण वादातीत आहे. गावातील कोणताही रंगारी तीन रेघांत हा त्रिकोण काढू शकत असे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून निरक्षर मतदार निवडणूक-चिन्हे वाचण्यास शिकला होता. त्याच सवयीवर हा त्रिकोण उभा राहिला. शिवाय ज्या गोष्टीचा चारचौघांत उच्चार करणेही अप्रशस्त मानले जाई, ती सुचविण्यास काहीच न दर्शविणारी आकृती फार सोयीची ठरली. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने १९२७ पासून नेमका उलटा मार्ग धरला होता. त्यांनी मुखपृष्ठावर नग्न स्त्रीदेहाची चित्रे छापली, आणि अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड दिले. शरीर दाखवून संकोच मोडावा हा कर्व्यांचा हेतू; शरीर झाकून संकोचाला वळसा घालावा हा शासनाचा. खेड्यापाड्यांत दुसरा मार्ग अधिक चालला यात नवल नाही.

परंतु त्रिकोणाने जे टाळले ते चार चेहऱ्यांनी उघड केले. 'हम दो, हमारे दो' हे वाक्य पाहा. त्यात क्रियापद नाही, लिंगवाचक शब्द नाही. 'हम' म्हणजे नवराबायको हे प्रकरणावरून समजते. 'हमारे दो' यांत दोन मुलगे, दोन मुली किंवा एकेक, काहीही बसते. चित्राला ही मोकळीक नसते. चेहरा काढला की तो मुलाचा किंवा मुलीचा काढावा लागतो, आणि चित्रकाराने एक मुलगा व एक मुलगी काढली. शब्दांनी दोन अपत्यांपुरते मागितले होते. चित्राने त्यांत एक मुलगा असेल असे जणू आश्वासन दिले. ज्या घरी दोन्ही मुली झाल्या, त्या घराने या चित्रात स्वतःला कोठे पाहावे? पुत्राचा हव्यास असलेल्या समाजात हा प्रश्न किरकोळ नव्हता. माझ्या मते त्या प्रचाराचा सर्वात दुबळा भाग तो चौथा चेहरा नसून तिसरा होता. मराठीत हीच घोषणा करू गेल्यास आणखी एक पेच पडतो : आपण माणसे 'दोघे', 'दोघी', 'दोघं' अशी लिंगानुसार मोजतो. हिंदीतील 'दो' ज्याविषयी मौन राखतो, त्याविषयी मराठीतील संख्यावाचक नाम बोलून जाते.

दुसऱ्या त्रिकोणाचा इतिहास अधिक काळा आहे. नाझी राजवटीत छळछावण्यांतील कैद्यांच्या कपड्यांवर रंगीत कापडी त्रिकोण शिवले जात. राजकीय कैद्यांना लाल, गुन्हेगारांना हिरवा, 'असामाजिक' ठरविलेल्यांना काळा, यहोवाच्या साक्षीदारांना जांभळा. समलिंगी संबंधांबद्दल जर्मन दंडसंहितेच्या १७५ व्या कलमाखाली पकडलेल्या पुरुषांना गुलाबी. अशा सुमारे ५,००० ते १५,००० पुरुषांना छावण्यांत डांबले गेले असावे, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १९३५ मध्ये कडक केलेले हे कलम पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत त्याच स्वरूपात राहिले आणि १९९४ मध्ये पूर्णपणे रद्द झाले. छावणीतून जिवंत सुटलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारच राहिला. आपली हकिकत तो सांगणार कोणाला? अशा एका कैद्याची आठवण सांगणारे पुस्तक १९७२ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाले, त्याचे नावच गुलाबी त्रिकोणावरून ठेवलेले होते. त्यानंतर तेथील समलिंगी चळवळीने हे चिन्ह स्वखुशीने छातीवर लावण्यास आरंभ केला. शिवी उलटून बिरुद व्हावी तसे हे झाले. भाषेच्या इतिहासात अशी अर्थोन्नती पुष्कळ आढळते, पण चिन्हाच्या बाबतीत ती इतक्या जाणीवपूर्वक क्वचितच घडते.

हाच त्रिकोण १९८७ च्या आरंभी न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या भिंतींवर दिसू लागला. काळी पार्श्वभूमी, मध्यभागी भडक गुलाबी त्रिकोण, टोक वर; त्याखाली ठळक पांढऱ्या अक्षरांत 'सायलेन्स = डेथ', म्हणजे 'मौन = मृत्यू'. एड्सची पहिली नोंद अमेरिकेत जून १९८१ मध्ये झाली होती. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी या रोगावर पहिले मोठे भाषण केले ते ३१ मे १९८७ रोजी. दरम्यानच्या काळात सहस्रावधी माणसे, त्यांत बहुसंख्य समलिंगी पुरुष, मृत्युमुखी पडली होती. हे भित्तिपत्रक सहा मित्रांनी केले. त्यांपैकी अ‍ॅव्हरम फिंकलस्टीन याने त्याच्या घडणीविषयी पुढे विस्ताराने लिहिले आहे. मार्च १९८७ मध्ये स्थापन झालेल्या 'अ‍ॅक्ट अप' या संघटनेने ते उचलले आणि ते जगभर गेले.

या सहा जणांपुढे पहिला विचार छायाचित्राचा होता. १९८६ मध्ये विल्यम बकली या स्तंभलेखकाने एड्सच्या रुग्णांच्या अंगावर गोंदवून खूण करावी अशी सूचना वृत्तपत्रात केली होती. तिला उत्तर म्हणून गोंदलेल्या शरीराचे चित्र वापरावे असे घाटत होते. परंतु कोणतेही एक शरीर निवडले की वर्ण, वय, लिंग ही सारी त्याच्यासोबत येतात, आणि ज्यांचे शरीर तसे नाही ते चित्राबाहेर राहतात, हे चर्चेत स्पष्ट होत गेले. म्हणून छायाचित्र सोडून अमूर्त चिन्ह घेतले. चार चेहऱ्यांच्या बाबतीत जो विचार झाला नव्हता तो येथे झाला. अर्थात गुलाबी त्रिकोणही सर्वांचा नव्हता. छावण्यांत तो पुरुषांसाठी होता. समलिंगी स्त्रियांसाठी वेगळे चिन्ह नव्हतेच, त्यांतल्या काहींच्या वाट्याला 'असामाजिकां'चा काळा त्रिकोण आला. अमूर्त चिन्हाने सादृश्याचा दोष टळतो, इतिहासाचा टळत नाही.

या भित्तिपत्रकाची वाक्यरचना भाषाभ्यासकाने थांबून पाहण्यासारखी आहे. मध्ये क्रियापद नाही, गणितातील समचिन्ह आहे. संस्कृतातील आणि मराठीतील नामवाक्याची ही जात. इंग्रजीत मात्र 'इज'शिवाय वाक्य पुरे होत नाही, त्यामुळे समचिन्हाने तेथे एक धक्का दिला. क्रियापद नाही म्हणून काळ नाही, पुरुष नाही, वचन नाही : कोणाचे मौन, कोणाचा मृत्यू, हे वाचणाऱ्याने भरावयाचे. शासनाचे मौन असेही वाचता येते, आणि भीतीने गप्प बसलेल्या रुग्णाचे स्वतःचे असेही. तळाशी बारीक अक्षरांत मजकूर होता. त्यात राष्ट्राध्यक्ष आणि आरोग्यसंस्था गप्प का, असे प्रश्न विचारून वाचकाला मताच्या आणि बहिष्काराच्या मार्गाने कृतीस प्रवृत्त केले होते. म्हणजे एकाच कागदाची दोन वाचने योजली होती : धावत्या मोटारीतून त्रिकोण आणि दोन शब्द, भिंतीशी उभे राहिल्यास मजकूर. चळवळीच्या भित्तिपत्रकांत हे तारतम्य क्वचित साधते. आपल्याकडे तर संपूर्ण मागणीपत्र एकाच आकाराच्या अक्षरांत छापण्याचा मोह अनेकांना आवरत नाही.

रोलाँ बार्थ याने १९६४ मध्ये जाहिरातींच्या संदर्भात असे प्रतिपादन केले की चित्राचे अनेक अर्थ संभवतात आणि शेजारचा मजकूर त्यांतील एकाला नांगर टाकतो. विचार मार्मिक आहे, पण त्यात अर्थ स्थिर करण्याचे सारे काम शब्दाकडे जाते. या बाबतीत भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त दिलेली यादी मला अधिक उपयोगी वाटते. अनेकार्थी शब्दाचा विशिष्ट अर्थ कशामुळे निश्चित होतो, हे सांगताना त्याने संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, लिंग, अन्य शब्दाचे सान्निध्य, औचित्य, देश, काल, व्यक्ती इत्यादी कारणे गणली आहेत. शंखचक्रासह असलेला 'हरी' म्हणजे विष्णूच, हे संयोगाचे परंपरागत उदाहरण मुळात दृश्य खुणेचेच आहे. या यादीतील 'लिंग' म्हणजे सूचक खूण, आणि व्याकरणातील लिंगासाठी तेथे 'व्यक्ती' हा शब्द आहे, हेही आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. 

ही यादी दोन त्रिकोणांना लावून पाहू. गुलाबी त्रिकोणाचे टोक वर झाले. ही खूण बदलली, रंग भडक झाला, शेजारी दोन शब्द आले. पण सर्वात मोठा बदल 'देश' आणि 'काल' यांचा. छावणीत तो दुसऱ्याने कैद्याच्या अंगावर शिवला होता, मॅनहॅटनमध्ये तो ज्यांचा होता त्यांनीच भिंतीवर आणला. उलट लाल त्रिकोणात एकही रेघ बदलली नाही, तरी त्याचा अर्थ बदलला. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एकाच वर्षी, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी-शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत सक्तीने झालेल्या पुष्कळ होत्या. ज्या भिंतीवर पूर्वी त्रिकोण म्हणजे दवाखाना होता, तेथे तो पोलिसांच्या गाडीचा आणि धाकाचा निर्देशक झाला. पर्सच्या परिभाषेत सांकेतिक चिन्ह निर्देशक बनले : धूर दिसला की आग, त्रिकोण दिसला की शिबिर. १९७७ च्या निवडणुकीनंतर खात्याच्या नावातील 'नियोजन' जाऊन 'कल्याण' आले. शब्द बदलता आला. भिंतींवरील रंग मात्र खरवडावे लागले नाहीत, ते पावसात फिके होत गेले.

भारतातील स्त्रीचळवळीला हाच प्रश्न वेगळ्या रीतीने भेटला. चंद्रपूर जिल्ह्यातील मथुरा प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन पोलिसांना निर्दोष सोडले. चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले आणि १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. या चळवळीच्या भित्तिपत्रकांना चिन्हे हवी होती. पाश्चात्त्य चळवळीतील स्त्रीचिन्ह, म्हणजे खाली क्रूस असलेले वर्तुळ व त्यात आवळलेली मूठ, हे सुशिक्षितांना कळत होते. त्या वर्तुळाला शुक्रदेवतेचा आरसा मानण्याची प्रथा आहे. परंतु ती लोकव्युत्पत्तीच समजावी. विल्यम स्टर्न या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये या चिन्हाचे मूळ ग्रहाच्या ग्रीक नावाच्या संक्षिप्त लिखाणात दाखविले आहे. लिनियसने अठराव्या शतकाच्या मध्यास ते वनस्पतींच्या लिंगासाठी योजले, आणि तेथून ते जीवशास्त्राच्या पुस्तकांत आले. ज्या स्त्रीने ते पुस्तक उघडले नाही, तिला त्या वर्तुळाने काय सांगावे?

म्हणून काली, दुर्गा, शक्ती या प्रतिमा पुढे आल्या. त्या ओळखीच्या होत्या, त्यांत क्रोध होता, हातात शस्त्र होते. १९८४ मध्ये दिल्लीत निघालेल्या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेनेही 'काली' हेच नाव घेतले. पुढे फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यावर गंभीर आक्षेप नोंदविला : हिंदू देवतेच्या प्रतिमेत ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रीने स्वतःला कसे पाहावे? धर्माच्या नावाने संघटित होणाऱ्या पक्षांनी याच देवता हाती घेतल्या तेव्हा आक्षेपाचे वजन अधिकच जाणवले. हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. परिचित प्रतिमा निवडताना 'कोणाला परिचित' हे विचारलेच पाहिजे. तुटलेली साखळी, उडणारा पक्षी, एकमेकींत गुंफलेले हात ही चिन्हे त्यामानाने निरुपद्रवी. पण ती इतक्या चळवळींनी वापरली आहेत की शेजारचा मजकूर काढून टाकल्यास पत्रक कामगारांचे की स्त्रियांचे हे ओळखता येत नाही.

तेव्हा शेजारच्या मजकुराकडे, विशेषतः मराठी मजकुराकडे, येणे प्राप्त आहे. मराठी क्रियापद कर्त्याचे लिंग उघड करते : 'मी गप्प बसलो नाही', 'मी गप्प बसले नाही'. ज्या पत्रकात बोलणारा कोणीही असावा अशी इच्छा आहे, तेथे हे रूप अडचणीचे. मात्र भाषेतच वाटा आहेत. 'मी गप्प बसणार नाही' या भविष्यरूपात लिंग दिसत नाही. 'आम्ही गप्प बसलो नाही' असे अनेकवचन केले तर पुरुषही तेच म्हणतील आणि स्त्रियाही. घोषणा रचणारे पुष्कळदा अजाणता हीच रूपे निवडतात. जाणून निवडली तर चित्रालाही त्यांच्याशी जुळवून घेता येईल.

याच्या उलट, लिंगवाचक रूप मुद्दाम वापरण्याचीही शक्यता आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तींचा स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. या विषयावरील भित्तिपत्रकांत फिके निळे व गुलाबी पट्टे किंवा स्त्री-पुरुष चिन्हांची जोडाकृती यांचा वापर होतो. दोन्ही परकी आणि शिकवावी लागणारी. समजा, त्याऐवजी केवळ एक चेहरा आहे, पाहणारा ज्याला सवयीने पुरुषाचा म्हणेल असा, आणि खाली दोनच शब्द : 'मी शिकते'. दृश्य खुणा एक सांगतात, प्रत्यय दुसरे. पाहणाऱ्याला क्षणभर छपाईची चूक वाटेल, आणि मग तो पुन्हा वाचेल. पतंजलीने भ्रूकुंसाच्या बाबतीत खुणा बाजूला ठेवून प्रत्यय पुरुषाचा राखला. येथे खुणा बाजूला ठेवून प्रत्यय स्त्रीचा राखला आहे, आणि तो बोलणारीने स्वतः निवडला आहे. इंग्रजी पत्रकात हे दोन शब्दांत साधत नाही, कारण तेथील प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगच नाही.